उत्पन्न घराचं, गरज दादाची

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, आज एक्केचाळीस वर्षांचा आहे. जन्मापासून त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. आजवर त्याने स्वतःची म्हणून एक रुपयाची कमाई केलेली नाही, पुढेही होण्यासारखी नाही. इतकी उघड गोष्ट कागदावर सिद्ध करून संजय गांधी निराधार अनुदान योजनेत त्याचं नाव लावायला आम्हाला वर्षाच्या आसपास लागलं. तहसीलच्या पायऱ्यांवर पिशवीत कागद घेऊन बसलेल्या आयाबाया मी त्या काळात पाहिल्या. कोणता कागद कशासाठी आणि कुठला कुठल्याच्या आधी, हे त्यांना धड कुणी सांगत नव्हतं. त्यांच्यापैकी कुणाच्या लेकीसुनेच्या वाचनात हे आलं तर उपयोग व्हावा, म्हणून सविस्तर लिहिते.

योजना राज्य सरकारची, १९८० पासूनची. दिव्यांग, विधवा, परित्यक्ता, अनाथ मुलं, दुर्धर आजाराचे रुग्ण असे बरेच गट तिच्यात येतात. वय पासष्टच्या आत हवं, महाराष्ट्रात किमान पंधरा वर्षांचा रहिवास हवा. दिव्यांगांसाठी आणखी दोन अटी आहेत: किमान ४० टक्के दिव्यांगत्व आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत. इतर गटांना हीच मर्यादा २१,००० आहे. हा फरक नीट लक्षात ठेवा. आम्ही गेलो त्या कार्यालयात भिंतीवर फक्त २१,००० चा आकडा लिहिलेला होता, आणि रांगेत आमच्या पुढे असलेल्या बाईंना ‘तुमचा दाखला बत्तीस हजारांचा आहे, बसत नाही’ म्हणून परत पाठवत होते. त्यांचा मुलगा अंध होता. मी त्यांना थांबवलं, नायब तहसीलदारांच्या टेबलापर्यंत जाऊन दिव्यांगांची मर्यादा वेगळी आहे हे सांगितलं, तेव्हा कुठे त्यांचा अर्ज घेतला गेला.

म्हणजे मोजमापं दोन. एक दवाखान्यात होतं, दुसरं तलाठ्याकडे. पहिल्यात दादा होता. दुसऱ्यात तो कुठेच नव्हता, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते त्याबद्दलच.

आधी दवाखाना. दादाकडे जुना दाखला होता, १९९५ च्या कायद्याच्या काळातला, हाताने लिहिलेला, घडीवर फाटलेला. तो आता चालत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, आणि २०२१ पासून प्रमाणपत्र केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच काढावं लागतं. तिथे आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा टाकून नोंदणी करायची, रुग्णालय निवडायचं आणि मग ठरलेल्या वारी जिल्हा रुग्णालयात तपासणीला जायचं. प्रत्येक प्रकाराचा वार वेगळा असतो. हाडांचा दिवस वेगळा, कानाचा वेगळा, मनाचा आणि बुद्धीचा वेगळा. लांबून येणाऱ्यांनी तो वार आधी फोन करून विचारून घ्यावा. एक आजोबा मुलीला घेऊन पहाटेच्या एसटीने आले होते आणि त्यांचा वार दुसराच निघाला.

दादाची तपासणी करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ बाई तरुण होत्या, घाईत नव्हत्या. त्यांनी दादापुढे लाकडी पाटी ठेवली. पाटीत वेगवेगळ्या आकारांचे खाचे आणि बाजूला तेच आकार सुटे: गोल, चौकोन, चांदणी, क्रॉस. ते जागच्या जागी बसवायचे. दादाने गोल लगेच बसवला आणि आईकडे बघून हसला. चौकोनही बसला. चांदणी हातात घेतल्यावर तो ती फिरवत राहिला, खाच्यावर दाबत राहिला, मग रागाने नाही, अगदी अदबीने बाईंच्या हातात परत देऊन म्हणाला, ‘ही तुमची आहे.’

त्यानंतर प्रश्न आईला होते. व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वतेची मोजपट्टी असते, तिच्यात रोजच्या व्यवहाराबद्दल विचारतात.

‘कपडे स्वतः घालतो का?’

‘घालतो की. गुंड्यासुद्धा लावतो.’

‘जेवण?’

‘हाताने जेवतो, ताट उचलून मोरीत ठेवतो. माझ्या दोन्ही धाकट्यांनी कधी ठेवलं नाही.’

‘दुकानात जातो?’

‘जातो.’

आई खोटं बोलत नव्हती. चाळीस वर्षं गावात, भावकीत, लग्नकार्यात ती दादाची बाजू लढवत आली आहे. ‘त्याला काही कळत नाही’ असं कुणी म्हणालं की ‘सगळं कळतं माझ्या लेकराला’ हे तिचं ठरलेलं उत्तर. आता तिला अचानक त्याच्यासमोर बसून त्याला काय येत नाही याची यादी द्यायची होती, आणि तिच्या तोंडून ती निघत नव्हती. बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी प्रश्न फिरवून विचारला, ‘आई, पन्नासची नोट देऊन पाठवलं तर किती परत आणायचे हे त्याला समजतं का? एकटा तालुक्याला जाऊन येईल का? रात्री तुम्ही घरी नसाल तर गॅस बंद करेल?’ आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘दुकानदार ओळखीचा आहे. तोच चिठ्ठी वाचतो.’

ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना माझं सांगणं आहे: आईला किंवा वडिलांना आदल्या दिवशी शांतपणे समजावून ठेवा. तिथे लेकराचं कौतुक करण्याची जागा नाही, आणि त्याची बदनामीही होत नाही. कोणत्या कामात त्याला दुसऱ्याची गरज लागते एवढंच तिथे विचारतात. शक्य असेल तर त्या वेळी दुसऱ्या कुणीतरी त्याला बाहेर चहाला घेऊन जावं. दादाला शब्द सगळे कळले नसतील, पण आईचा आवाज कळला. परतीच्या गाडीत तो तिचा पदर धरून बसला होता.

प्रमाणपत्रावर आलं: मध्यम स्वरूपाचं बौद्धिक दिव्यांगत्व, ७५ टक्के. हे टक्के डॉक्टर मनाने ठरवत नाहीत. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सौम्य म्हणजे ५०, मध्यम म्हणजे ७५, तीव्र म्हणजे ९० आणि अतितीव्र म्हणजे १०० असं बांधून दिलेलं आहे. ७५ मिळाल्यावर शेजारचे एक गृहस्थ आम्हाला पाच टक्के ‘वाढवून’ आणायला सांगत होते, कारण केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाला ८० टक्के लागतात. बौद्धिक दिव्यांगत्वात ८० हा आकडाच येत नाही, ७५ नंतर थेट ९०. शिवाय केंद्राच्या त्या योजनेत दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब लागतं आणि केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपयांचा आहे. राज्याच्या योजनेला ४० टक्के पुरतात. टक्के वाढवायच्या भानगडीत कुणी पडू नये. प्रमाणपत्रासोबतचं दिव्यांग ओळखपत्राचं कार्ड पिवळ्या रंगाचं आलं. चाळीसच्या खाली पांढरं, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळं, ऐंशी आणि पुढे निळं. ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीने प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिने झाली आहे, तेव्हा तेवढा वेळ हिशेबात धरा.

आता दुसरं मोजमाप.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो. आमचे भाऊसाहेब भले माणूस, त्यांनी बसवून घेतलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो दादाचा नव्हता. ‘रेशनकार्डावर कोणकोण आहे?’ दुसरा, ‘सातबारावर किती?’ वडील गेल्यानंतर दोन एकर कोरडवाहूवर वारस म्हणून आई, दादा, मी आणि धाकटा भाऊ अशी चार नावं लागली आहेत. रेशनकार्डावर आई, दादा, धाकटा, त्याची बायको आणि दोन मुलं. धाकटा आठ वर्षं चाकणला आहे, कंत्राटी कामगार, अठरा हजार पगार, भाड्याची खोली. कार्ड मात्र गावचंच राहिलं होतं, जसं हजारो घरांत राहतं. भाऊसाहेबांनी गणित केलं: अठरा हजार गुणिले बारा, दोन लाख सोळा हजार. ‘ताई, यात निराधार कसे बसवायचे?’

त्यांचं गणित चूक नव्हतं. पण ज्याची गरज मोजायची तो माणूस त्या गणितात कुठे होता? चाकणच्या अठरा हजारांत खोलीचं भाडं, दोन पोरांच्या शाळा आणि चौघांची पोटं होती. दादाच्या वाट्याला त्यातून आईच्या हातावर महिन्याला दोन हजार येत होते, तेही धाकट्याची ओव्हरटाइम लागली तर वेळेवर. प्रौढ दिव्यांग माणूस स्वतः कितीही रिकाम्या हाताचा असो, भाऊ कमावता असला की कागद त्यालाही कमावता धरतो. भाऊ त्याला खरंच सांभाळतो की नाही, हे तपासायला कुणी येत नाही.

रेशनकार्ड वेगळं करायचं ठरलं. यात लपवाछपवी काही नव्हती, धाकटा खरोखरच आठ वर्षं वेगळं बिऱ्हाड करून राहतो आहे, त्याची नावं तिकडे जायला हवीच होती. पुरवठा शाखेत अर्ज, नावं कमी केल्याचा दाखला, तिकडच्या कार्डाला जोडणी, असं ते काम. कागदाच्या बाजूने ते सोपंच गेलं. जड गेलं ते धाकट्याला. प्रतिज्ञापत्राचा मजकूर मी फोनवर वाचून दाखवला, ‘मी आई व भावापासून विभक्त राहत असून’ वगैरे, तेव्हा तो म्हणाला, ‘ताई, म्हणजे मी दादाला सोडलं असं लिहून द्यायचं का?’ मी त्याला सांगितलं की राहण्याचा पत्ता वेगळा आहे एवढंच यात लिहिलंय. सही त्याने केली. पण पुढच्याच आठवड्यात सुट्टी काढून गावी आला आणि दादाला घेऊन रानात जाऊन दिवसभर बसला. मदत मिळवण्यासाठी भावाभावांना कागदावर तुटावं लागणं हे मला आजही पटत नाही.

अहवालात आम्ही सगळं खरं सांगितलं. शेतीचे खर्च वजा जाता अठरा हजार, धाकटा पाठवतो ते वर्षाचे चोवीस हजार. बेचाळीस हजारांचा दाखला निघाला. पन्नासच्या आत, दादा पात्र.

आणि इथेच आईचं काय झालं ते सांगते. ती सहासष्ट वर्षांची आहे, पासष्टच्या पुढच्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे, पण तिला मर्यादा २१,००० चीच. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारी दोन माणसं, एकच दाखला, त्यातला लेक बसतो आणि त्याला भरवणारी आई बसत नाही. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, तेही अख्ख्या कुटुंबाचे. घरातल्या एका माणसाने रोजगार हमीवर शंभर दिवस काम केलं, तर २०२४-२५ च्या २९७ रुपये दराने २९,७०० होतात. म्हणजे वर्षातले साडेतीन महिने उन्हात माती उचलली तरी तुम्ही गरजू उरत नाही. या मर्यादेत बसण्यासाठी गोरगरीब माणसाला खोटा दाखला काढावा लागतो, आणि मग तोच खोटारडा ठरतो. ही रेघ बदलली पाहिजे असं मी प्रत्येक टेबलावर बोलले आहे आणि इथेही लिहिते आहे.

पालकत्वाचा कागद आम्हाला ऐनवेळी कळला. दादाच्या नावाने खातं हवं होतं आणि बँकेने विचारलं, कायदेशीर पालक कोण? आई जन्मदाती असली तरी मूल अठरा पूर्ण झाल्यावर कायद्याने ती आपोआप पालक राहत नाही. त्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती पालक नेमते. आईचं वय पाहून आम्ही माझं नाव दिलं, आईची आणि धाकट्याची संमती जोडली. समितीची बैठक लागेपर्यंत काही महिने गेले. हे काम मूल अठराचं होताच करून टाकावं. पैशाचा प्रश्न नसला तरी करावं, उद्या जमिनीचा, ऑपरेशनच्या संमतीचा, कशाचाही विषय निघाला की हाच कागद मागतात. त्याच न्यासाची निरामय नावाची आरोग्य विमा योजनाही आहे, एक लाखापर्यंतची, तिचा फॉर्म आम्हाला तिथेच मिळाला.

अनुदानाचा अर्ज मंजूर करते ती तालुक्याची समिती, पालक नेमणारीपेक्षा वेगळी. अर्ज दिल्यानंतरचं फार लांबवत नाही. तहसीलच्या आवारात एक एजंट दोन हजारांत ‘समितीतून काढून देतो’ म्हणत होता, आम्ही त्याच्याकडे गेलो नाही. २०२४ चं साल निवडणुकांचं. उन्हाळ्यात लोकसभेची आचारसंहिता गेली, ऑक्टोबरच्या मध्यापासून विधानसभेची लागली, बैठक पुढे ढकलली गेली. २०२५ च्या सुरुवातीला मंजुरीच्या यादीत दादाचं नाव आलं. कागद गोळा करणाऱ्यांनी एक करावं: उत्पन्नाचा दाखला सगळ्यात शेवटी काढावा. एका वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपतो, आणि बाकीचे कागद जमेपर्यंत तो हातातच शिळा होतो.

मंजुरी झाली तरी पैसे दिसेनात. अनुदान आता आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होतं, आणि आधारशी कोणतं खातं जोडलेलं आहे हे आपण अर्जात लिहिलेल्या नंबरावरून ठरत नाही. पूर्वी गावात जनधनची खाती उघडायचं शिबिर झालं होतं, तेव्हा दादाचाही अंगठा घेतलेला होता. ते खातं आम्ही विसरलो, आधार विसरलं नाही. हप्ते तिकडे जाऊन पडले होते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती बघता येते, तिथे बँकेचं नाव दिसलं आणि उलगडा झाला. नव्या बँकेत संमतीचा फॉर्म भरून जोडणी बदलून घेतली.

तेव्हा महिन्याला १,५०० मिळत. विधवा असो, निराधार असो, दिव्यांग असो, सगळ्यांना सारखेच. वास्तविक २०१६ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की अशा योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त मिळालं पाहिजे, कारण तेच जगणं त्यांना जास्त खर्चाचं पडतं. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि ऑक्टोबरपासून दिव्यांगांचे २,५०० झाले. त्यासाठी दिव्यांगांच्या संघटना किती वर्षं रस्त्यावर बसल्या होत्या हे विसरू नये.

अडीच हजारांत काय होतं असं विचारणारे असतात. दादाच्या फिट्सच्या गोळ्या होतात, त्या पूर्वी पैसे आले की घ्यायचो आणि मधे खंड पडायचा. आता पडत नाही, आणि फिटही क्वचितच येते. गेल्या दिवाळीला आईने त्याला दुकानात नेलं आणि शर्ट त्याला निवडू दिला. त्याने चॉकलेटी रंगाचा, बाह्या लांब असा काढला. आईला निळा घ्यायचा होता. पण पैसे त्याचे होते, त्यामुळे चॉकलेटीच घेतला. तो शर्ट तो कुणी आलं की दाखवतो आणि सांगतो, ‘माझ्या बँकेतला.’

दरवर्षी हयातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला द्यावा लागतो, ते आम्ही करतो. मला काळजी आहे ती पुढची. आई थकली की दादा माझ्याकडे येणार, हे आमचं तिघा भावंडांचं ठरलेलं आहे. मग तो माझ्या घरच्या कार्डावर येईल का, आणि माझ्या नवऱ्याचा पगार त्याचं उत्पन्न होईल का? हा प्रश्न मी टेबलावर विचारला तेव्हा ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ असं उत्तर आलं. त्यावर मी थांबलेले नाही. अठरा वर्षांवरच्या दिव्यांग व्यक्तीचं फक्त तिचं स्वतःचं उत्पन्न धरावं, सांभाळणाऱ्या भावाबहिणीचं धरू नये, अशा मागणीचं निवेदन आम्ही तालुक्यातल्या पालकांनी मिळून तयार केलं आहे. एक प्रत पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालयात आणि एक मुंबईला दिव्यांग कल्याण विभागात जाईल. सह्या घेणं चालू आहे. पहिला अंगठा त्या अंध मुलाच्या आईने दिला.